एका शब्दाला चोवीस सेकंद

“घाई कायची हाय? चोवीस सेकंद लय असतात.”

नांदुऱ्याच्या तिकीटखिडकीवर हे वाक्य ज्यांनी ऐकलं असेल त्यांना ताई लगेच आठवतील. गाडीची घंटा झालेली, रांगेतला माणूस घामाघूम, नोट आत सरकवून “भुसावळ, भुसावळ” करणारा. आणि काचेपलीकडे या बाई शांत. मनगटावरचं घड्याळ एकदा बघायच्या, तिकीट द्यायच्या, सुटे पैसे हातावर ठेवायच्या आणि हे वाक्य म्हणायच्या. त्यांच्यामुळे गाडी चुकलेला माणूस मला तरी माहीत नाही. चोवीसच का, हे विचारायची मात्र कोणाला सवड नसे.

मला ते कळलं फार उशिरा, त्या निवृत्त झाल्यानंतर. आणि ज्या वर्षी कळलं त्या वर्षी मला काही विचारताही येत नव्हतं.

ताई आमच्या शेजारी राहायच्या, स्टेशनच्या मागच्या गल्लीत. उंची अशी की आमच्या दारातून आत येताना मान तिरकी करायच्या आणि बाहेर जाताना विसरायच्या. चौकटीला टाळू लागली की “तुमचं दार अजून वाढलं नाही” एवढंच म्हणायच्या. मूळ गाव उंद्री. शिकायला बुलढाण्याच्या वसतिगृहात आल्या तेव्हा तिथल्या मैदानावर बास्केटबॉलचे दोन खांब होते. “रेक्टर बाईनं मले पाह्यलं आन् सरळ खांबाखाली नेऊन उभं केलं. मले वाटलं शिक्षाच हाय,” त्या सांगायच्या. त्या शिक्षेवरच पुढे रेल्वेत खेळाडू म्हणून नोकरी लागली. यजमान लवकर गेले. एकुलती लेक पुण्यात. आपण कसं खेळायचो यावर ताई कधी बोलायच्या नाहीत. दुसरे कसे खेळतात यावर मात्र थांबायच्या नाहीत.

अमेरिकेत रात्री सामने सुरू होतात तेव्हा आपल्याकडे उजाडत असतं. ताईंच्या घरातून रोज सकाळी सहाला त्या सामन्यांचा गलका ऐकू यायचा. एकदा दूधवाल्याने बिचकत विचारलं, “बाई, घरात भांडन चालू हाय काय?”

“हाव,” ताई म्हणाल्या. “दोन्हीकडून पाच-पाच जन हायत.”

आता माझं सांगतो. मी वडनेर भोलजीच्या प्राथमिक शाळेत शिक्षक. त्या वर्षी संक्रांतीनंतर एका सकाळी दुसरीच्या वर्गात फळ्यावर ‘गवत’ असं लिहिलं, मुलांकडे वळलो आणि वाचायला तोंड उघडलं, तर तो शब्द तोंडात नव्हता. मागे वळून पाहिलं, फळ्यावर होता. मग उजवा हात जड झाला आणि खडू पडला. लकवा. अकोल्याच्या दवाखान्यात बारा दिवस काढले. तेव्हा मी अठ्ठेचाळीस वर्षांचा होतो.

हात महिनाभरात वळायला लागला. वाचा काही येईना. डोक्यात सगळं जागच्या जागी होतं. समोर पाण्याचा तांब्या दिसायचा, तहान कळायची, आणि तोंडातून ‘पाटी’ निघायचं. डॉक्टर म्हणाले, बोलण्याचा व्यायाम रोज करा, शब्द परत येतात, पण चिकाटी लागते. कागदावर काही शब्द लिहून दिले. आई, बाबा, कमळ, बदक. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या मुलांकडून जे वाचून घेतलं तेच माझ्या पुढ्यात आलं.

लोक भेटायला येत. चांगली माणसं. मी शब्द शोधायला लागलो की घाईने मदतीला धावत. मी “च” म्हटलं की कोणी चहा म्हणे, कोणी चष्मा, कोणी चादर. मला चप्पल हवी असायची. मंगला, माझी बायको, तर मी तोंड उघडायच्या आधीच वस्तू आणून ठेवायची. तिच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. पण फेब्रुवारी संपता संपता मी तोंड उघडणंच सोडलं.

त्यातच मुख्याध्यापक येऊन गेले. दिवाळीपर्यंत रजेचं कसंही जमवू, म्हणाले; त्यानंतर वर्गावर उभं राहता आलं नाही तर आजारपणाच्या कारणाने निवृत्ती घ्यावी लागेल. “न बोलता वर्ग कसा घेणार, सर?” त्यांचं काही चुकलं नव्हतं. जाताना त्यांनी माझा हात बराच वेळ धरून ठेवला, त्यावरून मला कळलं की त्यांनी माझी आशा सोडली आहे.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी सकाळी ताई आल्या. तब्येतीची चौकशी नाही, काही नाही. खुर्ची ओढून बसल्या आणि फोन माझ्या हातात दिला.

“सर, तुमच्याकडं एक काम हाय. माह्या डोळ्याले आता बारीक दिसत नाही. जगात कुठं कोन जितलं ते याच्यात येते. तुम्ही रोज मले वाचून दाखवायचं.”

मंगला म्हणाली, “ताई, ते कसे वाचतील? मीच वाचते ना.”

“तू नाही. तुले कामं हायत.”

फोनवर स्पेन असा शब्द होता. मी पाहत राहिलो. ओठ जुळवले, सुटले. मंगला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिच्या तोंडात तो शब्द तयार होता, मला दिसत होतं. ताईंनी तिच्याकडे न बघताच तळहात वर केला, गाडी थांबवतात तसा. नजर मनगटावरच्या घड्याळावर. मग माझ्या तोंडातून “पेन” निघालं.

“जमलं,” ताई म्हणाल्या. “स उद्या पाहू.”

मग त्यांनी आम्हा दोघांना चोवीस सेकंदांचा अर्थ सांगितला. बास्केटबॉलमध्ये एका संघाच्या हाती चेंडू आला की चोवीस सेकंदांच्या आत तो जाळीकडे फेकावा लागतो. “पाहनाऱ्याले वाटते, टाइम नाही. खेळनाऱ्याले मालूम असते, लय हाय. श्वास घ्या, इकडं पाहा, तिकडं पाहा, मंग फेका. आता इथं बॉल सरांच्या हातात हाय. चोवीस सेकंद त्याले कोनी हात लावायचा नाही. चोवीस झाले, की मंग बॉल तुहा, मंगला.”

तेव्हापासून हा आमच्या घरचा कायदा झाला. मंगलाला तो फार जड गेला. मी मीठ मागताना अडकलो की ती पदर तोंडात धरून उभी राहायची. आठवड्याभरात ताईंनी सगळी गल्ली तयार केली. दूधवाला थांबायला लागला. भाजीवाली तर तराजू खाली ठेवून गाडीला टेकायची आणि म्हणायची, “घ्या सर, टाइम हाय.” त्या उन्हाळ्यात ‘दोडके’ हा शब्द मी तिच्या गाडीसमोर मिळवला. मला खरं तर भेंडी हवी होती, पण तिचा आनंद पाहून दोडकेच घेऊन आलो.

बदक आणि कमळ यांच्यासाठी मी कधी जीव काढला नसता. पण रोज कोणीतरी जिंकलेलं असायचं आणि ते ताईंना सांगायचं असायचं. मार्च-एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलामुलींच्या स्पर्धा, मे महिन्यात युरोपातल्या क्लबांची, जूनमध्ये अमेरिकेच्या व्यावसायिक संघांची अंतिम मालिका. ग्रीस आलं, तुर्की आलं, इटली आलं. क्रोएशियाला पंधरा दिवस लागले. लिथुआनिया काही केल्या येईना. त्याचं कधी ‘लिंबू’ व्हायचं, कधी नुसतं ‘लि’. ताई म्हणायच्या, “राहू द्या, तो देश कुठं पयून चालला.”

जूनच्या शेवटी बेल्जियमच्या मुलींनी पहिल्यांदाच युरोपचं अजिंक्यपद मिळवलं. ते मी एका दमात वाचलं. ताईंनी त्या सकाळी शिरा करून गल्लीत वाटला.

“कायचा हो, बाई?” भाजीवालीने विचारलं.

“बेल्जियमच्या पोरी जितल्या.”

“तुमच्या ओळखीच्या हायत काय?”

“आता झाल्या.”

मोसम संपला की तिकडे बक्षिसं देतात, हेही मला तेव्हाच कळलं. सगळ्यांत चांगला खेळाडू, सगळ्यांत चांगला बचाव, सगळ्यांत जास्त सुधारलेला. त्या यादीत एक बक्षीस सहाव्या खेळाडूचं होतं. मी तिथे बोट ठेवलं आणि आजारपणानंतरचा माझा पहिला प्रश्न विचारला, “सहावा... काऊन?”

ताईंना इतका आनंद झाला की उत्तर द्यायचं विसरल्या. मग म्हणाल्या, “पाच जन पहिल्यापासून खेळतात. सहावा बाहेर बसते. नड पडली की येते. मले विचाराल तं हेच बक्षीस खरं.”

असं सरळ चालत राहिलं असतं तर सांगायला सोपं होतं. पण जुलैमध्ये मी फाजील धीर केला. शाळा सुरू झाली होती. मुख्याध्यापकांना विचारून एक दिवस वर्गावर गेलो. हजेरी घ्यायची, एवढंच ठरलं होतं. पहिली तीन नावं घेतली. चौथ्यापाशी थांबलो. ती मुलगी समोरच बसली होती, मला तिचं घर माहीत होतं, तिचा बाप माझा विद्यार्थी, आणि नाव येईना. मुलं हसली नाहीत. एक मुलगा जागेवरून हळूच ते नाव म्हणाला, मग सगळीच म्हणायला लागली. मुख्याध्यापकांनी हलकेच माझ्या हातून हजेरीपट घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई आल्या आणि नेहमीसारखा फोन पुढे केला. मी तो बाजूला ढकलला. त्यांनी पुन्हा ठेवला. आणि माझ्या तोंडून निघालं, “जा तुम्ही इथून. मले नाही बोलायचं. खड्ड्यात गेला तुमचा लिथुआनिया.”

मंगलाच्या हातातली बशी खाली आली. सहा महिन्यांत मी इतकं सलग बोललो नव्हतो. ताईंनी घड्याळाकडे पाहिलं.

“नऊ सेकंद,” त्या म्हणाल्या. “आन् लिथुआनिया बराबर म्हनले.”

फोन उचलला आणि गेल्या. चौकटीखालून वाकून गेल्या, टाळू लागली नाही.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. पलीकडून सामन्याचा आवाजही येईना. मंगला म्हणाली, मी जाऊन त्यांना सांगते. मी मानेनेच नको म्हटलं. चौथ्या दिवशी सकाळी मीच त्यांच्या ओट्यावर जाऊन उभा राहिलो आणि कडी वाजवली. खिडकी उघडी होती. मी त्यांना दिसत होतो, त्या मला दिसत होत्या.

“कोन हाय?” आतून आवाज आला.

“मी.”

“मी कोन?”

“मास्तर.”

“काय काम हाय?”

मला माफी मागायची होती. ‘म’ होता, पुढचं नव्हतं. मी चौकटीला धरून उभा राहिलो. चोवीस सेकंद केव्हाच होऊन गेले असावेत. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही. माझ्याकडेच पाहत होत्या. शेवटी ‘माफी’ सोडून दिली आणि जे हाताला लागलं ते म्हणालो, “चुकलो.”

ताई उठल्या, दार उघडलं. “या. चहा मांडला हाय.” गॅसवर पाहिलं तर आधण दोघांपुरतं होतं.

चहा पिताना त्या म्हणाल्या, “सर, मी दोन दिवस मुद्दाम नाही आली असं समजू नका. मलेही वाईट वाटलं होतं.” एवढंच. मग फोन माझ्यापुढे ठेवला.

त्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात जागतिक स्पर्धा होती. यजमान देश पूर्वेकडचे असल्याने सामने आपल्याकडे संध्याकाळी लागत. ताईंनी लेकीकडून मागवलेला मोठा टीव्ही ओट्यावर आणला आणि गल्लीला बसायला सतरंजी टाकली. निम्म्या लोकांना खेळ कळत नव्हता, पण ताई सांगतील त्या बाजूने सगळे असायचे. दक्षिण सुदानचा संघ पहिल्यांदाच आला होता. “देश बारा वर्साचा हाय,” ताईंनी सांगितलं. “आपल्या गल्लीतला नळ त्याच्याहून जुना.” तो संघ जिंकला तेव्हा नळाच्याही नावाने टाळ्या पडल्या.

सामना संपला की त्यांचा एकच नेम. “निकाल सर सांगतील.” पहिल्या दिवशी मी बसूनच दोन शब्द बोललो. नंतर उभं राहायला लागलो. लिथुआनियाने अमेरिकेला हरवलं त्या संध्याकाळी मी तो देश दोनदा उच्चारला, एकदा निकालासाठी आणि एकदा स्वतःसाठी. अंतिम सामन्यानंतर ओट्याच्या पायरीवर उभा राहून सगळं सांगितलं. जर्मनी जिंकली. सर्बिया दुसरी. अमेरिकेला तिसराही नंबर नाही.

“अमेरिका हरली म्हनता?” भाजीवालीने विचारलं.

“हाव,” मी म्हणालो. “चौथी आली.”

लोक उठून घरी गेले. कोणी माझं कौतुक केलं नाही. शिक्षकाने काही सांगावं आणि लोकांनी ऐकून घरी जावं, इतकं ते साधं झालं होतं. मंगला तेवढी सतरंजीची घडी घालता घालता डोळे पुसत होती.

दिवाळीनंतर मी शाळेत रुजू झालो. ताईंना म्हटलं, पहिल्या दिवशी चला सोबत. त्या म्हणाल्या, “कोच मैदानात नाही उतरत.” मुलांना मी आधीच सांगून टाकलं की सरांचा शब्द कधीकधी उशिरा येतो, तोवर तुम्ही चोवीसपर्यंत मोजायचं. मुलांना हा खेळ फार आवडला. मी अडकलो की सगळा वर्ग मोठ्याने मोजायचा, आणि सहसा अकरा-बाराच्या आत शब्द यायचा. त्या वर्षी आमच्या शाळेत पहिलीतलं पोरगंही न चुकता चोवीसपर्यंत मोजायला शिकलं. केंद्रप्रमुखांनी भेटीत त्याबद्दल चांगला शेरा लिहिला.

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी दुपारी ताईंनी गल्लीत बक्षिसं वाटली. करंडक म्हणून स्टीलचे पेले, त्यांवर चिकटपट्टीने लावलेले कागद. उत्तम बचाव मंगलाला, तोंडावर आलेले शब्द वर्षभर अडवल्याबद्दल. धीराचं बक्षीस भाजीवालीला. सर्वाधिक सुधारणा मला. “आन् सहावा खेळाडू?” मंगलाने विचारलं. ताई म्हणाल्या, पेले संपले. मंगला घरात गेली, आमच्या मांडणीवरचा सगळ्यांत मोठा पेला घेऊन आली आणि त्यांच्या हातात दिला. ताई तो बराच वेळ उलटसुलट करून पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “याच्यात पावशेर ताक सहज मावन.”

जानेवारीत त्या पुण्याला लेकीकडे कायमच्या गेल्या. सामान बांधायला लेक आली होती. ती सुईत दोरा ओवत होती, जमेना. ताईंनी तिच्या हातून सुई घेतली आणि चष्म्याशिवाय दोरा ओवून परत दिली. मी पाहिलं. त्यांनी मी पाहिलेलं पाहिलं.

लेकीने मंगलाला नंतर एकटीला गाठून सांगितलं की तिला एप्रिलमध्ये मुलगी झाली तेव्हापासून ती आईला बोलावत होती. आई दहा दिवस आली आणि परतली. दर महिन्याला म्हणायची, येते, पण सरांचं एक वर्ष होऊ दे. “मला राग यायचा, काकू,” ती म्हणाली. “आता पाहिलं, सर कसे बोलतात. आता नाही येत.” मंगलाने हे मला सांगितलं तेव्हा गाडी भुसावळच्या पुढे गेली असेल, की अलीकडे, मला आठवत नाही. मी स्टेशनवरून येऊन नुसता बसलो होतो.

पुढे जवळजवळ दोन वर्षं आम्ही दर रविवारी फोनवर बोलायचो. निकाल मीच सांगायचो. नातीला त्या चेंडू धरायला शिकवत होत्या. मागच्या हिवाळ्यात न्यूमोनियाने आजारी पडल्या आणि आठवड्यात गेल्या.

पुण्यात पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी आणि मंगला गेलो. बुद्धवंदना झाली. एका बाजूला पांढऱ्या साड्यांतल्या आठ-दहा बायका रांगेत बसल्या होत्या, सगळ्या साठी ओलांडलेल्या, सगळ्या विलक्षण उंच. नागपूर, सोलापूर, भुसावळ अशा कुठून कुठून आलेल्या. त्या ताईंच्या रेल्वेच्या संघातल्या होत्या. एकीने उठून दोन शब्द सांगितले. ताई सहा वर्षं त्यांच्या कॅप्टन होत्या. नवी मुलगी संघात आली, घाबरली, हातून चेंडू सुटला, की बाकीच्या ओरडत. कॅप्टन मात्र पुढचा चेंडू मुद्दाम तिच्याचकडे द्यायची. आम्हाला त्यांनी यातलं कधी काही सांगितलं नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर मी त्या बायकांपाशी गेलो. बसलेल्या असूनही त्यांची डोकी माझ्या खांद्याशी आली. ज्या बोलल्या होत्या त्यांनी विचारलं, “तुम्ही त्यांचे कोण?”

“विद्यार्थी,” मी म्हणालो.

त्यांनी माझ्या पिकलेल्या केसांकडे पाहिलं. “कोणत्या शाळेतले?”

“त्यांच्या ओट्यावरच्या. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी नाव घातलं होतं.”

त्या हसल्या नाहीत. शेजारच्या खुर्चीवरची आपली पिशवी त्यांनी उचलून मांडीवर घेतली, थोडं पलीकडे सरकल्या, आणि मला त्या रांगेत बसायला जागा करून दिली.